मिनाराचा कर्ता कोण?

कुतुबमिनाराच्या वादात एक पक्ष सुलतानांचे वैभव मिरवतो, दुसरा त्यांच्या विध्वंसाचा हिशेब मांडतो. शेजारच्या मशिदीसाठी २७ मंदिरांचे साहित्य वापरल्याचे तिच्या पूर्वद्वारावरील फारसी लेखच सांगतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोन्ही पक्षांच्या लेखी वास्तूचा कर्ता एकच : राजा.

इंग्लंडातील कॅन्टरबरीच्या कॅथीड्रलचा पूर्वभाग ११७४ मध्ये जळाला. तो नव्याने उभारणारा फ्रेंच गवंडी विल्यम ११७८ मध्ये परांचीवरून कोसळून जायबंदी झाला आणि काम दुसऱ्या, इंग्रज विल्यमकडे गेले. जर्व्हेस या मठवासी साधूने हे लिहून ठेवले. म्हणून त्या वास्तूचा इतिहास आज गवंड्यांच्या नावांनी सांगितला जातो.

दिल्लीला असा जर्व्हेस लाभला नाही, ही सबब मात्र टिकणारी नाही. ऐबकाने आरंभिलेला व इल्तुतमिशाने वाढवलेला मिनार विजेच्या आघाताने भंगला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाच्या कारकीर्दीत, १३६९ च्या सुमारास, त्याचा जीर्णोद्धार झाला. तो करणाऱ्यांनी मिनाराच्याच दगडावर नागरी लिपीत लेख कोरला. त्यात सुलतानाचे नाव आहे, विश्वकर्म्याचे स्मरण आहे आणि नाना, साल्हा अशी कारागिरांची नावेही आहेत. सुलतानाचा मिनार विश्वकर्म्याला स्मरून सावरणाऱ्या या माणसांना कोणत्या पक्षात बसवणार? ती कोणत्याच पक्षाला सोयीची नाहीत, म्हणूनच अनुल्लेखित राहिली.

ओवीमागची जात्यावरची बाई शोधणाऱ्या मराठी समीक्षेने दगडामागचा गवंडी, तोही स्वतःचे नाव कोरून गेलेला, वाचू नये, हे अज्ञान नव्हे, अनास्था होय.