इंजिनिअरिंगनंतर एमबीबीएस : वयाची अट गेली, पैशांचा प्रश्न तसाच

पदवी हातात आहे, नोकरीही आहे. पण डॉक्टर व्हायचे राहून गेले. तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा नीटची तयारी करणाऱ्यांसाठी नियम आता अनुकूल आहेत. अडते ते पैशांपाशी. सातारा-सांगलीत राहून दुसरी पदवी घ्यायची तर हिशेब कसा मांडायचा? समजून घेऊया.

वयाची अट आहे का?

नाही. पूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गासाठी ३० वर्षांची मर्यादा होती. हा वाद न्यायालयात गेला. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकली. त्याआधीच, २०२० मध्ये, ओडिशातील ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने नीट उत्तीर्ण होऊन एमबीबीएसला प्रवेश घेतला होता.

बारावीला जीवशास्त्र नव्हते, तरी वाट बंद नाही. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येते, असे आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

जवळ कुठे शिकता येईल?

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. तिथे २०० जागा आहेत. साताऱ्यात शासकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झाले; तिथे १०० जागा. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या, तर १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या. कराड आणि सांगलीत अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयेही आहेत. मात्र शासकीय जागेचे शुल्क वर्षाला दीड लाखाच्या आसपास, तर अभिमत विद्यापीठांत ते २० लाखांच्या पुढे जाते.

खरा खर्च किती?

उदाहरण म्हणून दरमहा ५० हजार पगार असलेला ३० वर्षांचा इंजिनिअर घेऊ.

• शुल्क : शासकीय जागेवर दीड लाख गुणिले साडेचार वर्षे, म्हणजे पावणेसात लाख.
• राहणे-जेवण : महिना १० हजार धरले तर साडेपाच वर्षांचे ६ लाख ६० हजार.
• बुडालेला पगार : एकही पगारवाढ न धरता ३३ लाख.

शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून १३ लाखांवर थांबतो, पण पगार धरला की आकडा ४६ लाखांवर जातो. इंटर्नशिपच्या वर्षी विद्यावेतन मिळते, पण ते जुन्या पगाराची जागा भरून काढत नाही. अभिमत विद्यापीठात नुसते शुल्कच ९० लाखांवर जाते.

कर्ज मिळेल का?

मिळते, पण तारणाचा प्रश्न येतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे मालमत्ता तारण ठेवावी लागते. इथेच शेतकरी कुटुंबांची अडचण होते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत; बिगरशेती प्लॉट, घर किंवा ठेव मागतात. पाच एकर बागायत असूनही कर्ज अडू शकते, ते यामुळे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रवेशाचा पर्याय भरण्यापूर्वीच पाहावे.

हप्त्याचा अंदाजही आधीच घ्यावा. ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १५ वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ४३ हजारांचा हप्ता बसतो. तिशीत प्रवेश घेतला, तर परतफेड सुरू होते साधारण साडेछत्तिसाव्या वर्षी आणि संपते पन्नाशी ओलांडल्यावर. जुन्या करप्रणालीत कलम ८०ई नुसार व्याजावर ८ वर्षे वजावट मिळते, एवढाच दिलासा.

सवलती कोणत्या?

इथे दुसरी पदवी आड येते. केंद्राच्या शैक्षणिक कर्जावरील व्याज अनुदानाचा लाभ एकदाच मिळतो. तोही पहिल्या पदवीसाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून दुसऱ्याकडे वळणाऱ्यांना अपात्र धरले आहे.

राज्याने जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. पहिल्या पदवीवेळी महाडीबीटीवरून लाभ घेतला असेल, तर पुन्हा मिळेल का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर नोकरी सोडू नये.

धोरणात काय बदलायला हवे?

पहिल्या पदवीला प्राधान्य देण्यामागे तर्क आहे. सरकारी पैसा मर्यादित आहे, आणि एकाला दोनदा देण्यापेक्षा दोघांना एकेकदा देणे न्यायाचे. तिशीत शिकायला बसलेल्या डॉक्टरची सेवेची वर्षेही कमी भरतात, हेही खरे.

पण मग वयाची अट काढून नेमके काय साधले? दार उघडले, पण आत जाऊ शकतो तो एकतर खूप वरच्या गुणांनी शासकीय जागा मिळवणारा, नाहीतर घरी शहरात मालमत्ता असणारा. मधला, पगारावर घर चालवणारा बाहेरच राहतो.

यावर तोडगा शिष्यवृत्तीचा नाही, कर्जाचा आहे. शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झाल्यावर राज्यात एक वर्षाची सक्तीची सेवा आहे. ती टाळल्यास १० लाखांचा दंड. हीच चौकट पुढे नेता येईल. जो प्रौढ विद्यार्थी जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या ग्रामीण भागात तीन-चार वर्षे सेवा देण्याचे लिहून देईल, त्याच्या कर्जाला राज्याने हमी द्यावी आणि सेवाकाळातले व्याज भरावे. पैसा फुकट जात नाही, आणि आरोग्य केंद्राला जगाचा अनुभव असलेला डॉक्टर मिळतो.

तोपर्यंत निर्णय घेणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात : दोन वर्षांचा घरखर्च हातात असणे, तारणाबाबत बँकेचे लेखी उत्तर, आणि शासकीय जागा न मिळाल्यास कुठे थांबायचे याचा आधीच ठरवलेला आकडा. नीटचे गुण दरवर्षी नव्याने मिळवता येतात. घर गहाण पडले, तर ते सोडवायला पंधरा वर्षे लागतात.