बाईचं नाव ‘डोनाल्डचा मुलगा’!

आडनाव म्हणजे घराण्याचा इतिहास, ते जपलंच पाहिजे, असं बायकांना सांगितलं जातं. चला, एका नामांकित स्कॉटिश आडनावाचा इतिहास तपासू या.

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. हा डोनाल्ड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांचा सत्ताधीश सोमरलेड (मृत्यू ११६४) याचा नातू. सोमरलेडने मेव्हण्याशी लढून बेटं घेतली हे खरं. पण त्याच्या वंशजांना राजवंशाचा हक्क सांगता आला तो त्याच्या बायकोमुळे. रॅग्नहिल्ड ही मॅन बेटाचा राजा ओलाफ याची मुलगी. मॅनच्या बखरीत तिचं नावसुद्धा नाही! राजाची एक मुलगी सोमरलेडने केली आणि त्यातून राज्याचा नाश झाला, एवढीच नोंद. हक्क तिच्याकडून घ्यायचा, खापर तिच्यावर फोडायचं आणि आडनाव मात्र नातवाचं!

मुलींसाठी गेलिकमध्ये ‘निक’ आहे. पण त्याचाही मूळ अर्थ ‘मुलाची मुलगी’. म्हणजे मुलगी ओळखायची तीही कुणातरी मुलाच्या मार्फत. इंग्रजी कागदांनी तेवढंही ठेवलं नाही. तिथे सगळ्या बायका ‘मॅक’ झाल्या. १७४६ मध्ये फ्लोरा मॅकडोनाल्डने पराभूत राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला आपली मोलकरीण म्हणून स्काय बेटावर पोचवलं. त्या राजपुत्राने बाईचा वेश घातला तो काही दिवस. फ्लोराने मात्र ‘मुलगा’ हे नाव जन्मभर वागवलं.

“निदान नवऱ्याचं नाव लावणं ही तरी जुनी रीत आहे ना?” ओळखीचा वाटतो ना हा सूर? पण स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाई माहेरच्याच आडनावाने ओळखली जाई. जुन्या थडग्यांवर, कोर्टाच्या कागदांवर ते आजही वाचता येतं. नवऱ्याचं आडनाव लावण्याची चाल मागाहून रुळली आणि मग तिलाच परंपरा म्हणू लागले. परंपरेचं वय विचारायला आपण शिकलं पाहिजे.

आणि माहेरचं आडनाव तरी कुणाचं? बापाचंच. स्कायमध्ये १८२१ साली जन्मलेली मेरी मॅकडोनाल्ड लग्नानंतर मॅकफर्सन झाली. मॅकफर्सन म्हणजे ‘पाद्र्याचा मुलगा’. एका मुलाच्या नावातून सुटली, दुसऱ्याच्या नावात अडकली! १८७२ मध्ये चोरीच्या आरोपावरून तिला तुरुंगात टाकलं. त्या अन्यायातून तिची गाणी फुटली. पुढे जमिनीसाठी लढणाऱ्या कुळांच्या बाजूने ती गात राहिली. लोकांनी तिला नाव दिलं ‘मारी व्होर नान ओरान’, म्हणजे गाण्यांची थोरली मेरी. त्यात ना बाप, ना नवरा, ना कुणाचा मुलगा. आहे ते तिचं काम.

तेव्हा घराण्याचं नाव राखा असं कुणी बजावलं, तर आधी विचारा: त्या नावात आमची रॅग्नहिल्ड कुठे आहे?