लाल बटणामागची तार

पनवेलच्या एका अंगास तळोजा आणि दुसऱ्या अंगास रसायनी-पाताळगंगा अशा औद्योगिक वसाहती आहेत. तेथील कामगाराला यंत्रावरचे लाल बटण दाबले की यंत्र थांबते, एवढेच ठाऊक असते. आणि एवढे पुरेसे असले पाहिजे. परंतु त्या बटणामागे काय घडते, हा प्रश्न आता केवळ अभियंत्यांवर सोडून चालणार नाही.

जुन्या जोडणीत बटण दाबताच कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह तुटतो व मोटर थांबते. कॉइलकडे जाणारी तार निसटली, वीज गेली, तरीही यंत्र थांबतेच. (कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू वितळून चिकटू शकतात; म्हणून जोखमीच्या यंत्रांवर असे दोन कॉन्टॅक्टर एकापुढे एक जोडतात.) हेच बटण मायक्रोकंट्रोलरला जोडले की त्याचे स्वरूप पालटते. ते प्रवाह तोडत नाही. प्रोग्रामला केवळ वर्दी देते. प्रोग्राम अडकला, किंवा बाहेरचा ट्रान्झिस्टर आतल्या आत जुळून गेला, तर वर्दी वाऱ्यावर जाते. अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारा ‘वॉचडॉग’ असतो खरा. पण जळलेला ट्रान्झिस्टर त्याच्याने उघडत नाही.

यंत्रद्वेष हा आपला विचार नव्हे. तापमान, गळती, वाढता भार यांची नोंद चिप माणसापेक्षा लवकर घेते. परस्परांना तपासणारे दोन प्रोसेसर असलेल्या सुरक्षा-चिपाही मिळतात, आणि त्यांच्या कसोट्या आयईसी ६१५०८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. मात्र त्या कसोट्यांना पैसा लागतो. साधी चिप काही दहा रुपयांत येते. वाचलेला पैसा मालकाच्या खात्यात जमा होतो आणि वाढलेला धोका कंत्राटी कामगाराच्या बोटांवर पडतो; ताळेबंदात त्यासाठी रकानाच नाही.

उदाहरण रुग्णालयातले आहे, पण लागू पडणारे आहे. कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या थेरॅक-२० मधील स्वतंत्र विद्युत अडसर काढून त्यांचे काम प्रोग्रामवर सोपवले गेले. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांचा भयानक मारा झाला. त्यांतील काही दगावले. त्यातला एक दोष थेरॅक-२० च्या प्रोग्राममध्येही होता, असे पुढे आढळले. तेथे मात्र फ्यूज उडत आणि रुग्ण वाचत.

संकटसमयी वीज तोडण्याचे साधन प्रत्येक कार्यकक्षात असावे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ ने सांगितले. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांना सुरक्षा समितीवर निम्म्या जागा दिल्या. या समित्यांची बैठक बहुधा हेल्मेट आणि हातमोजे यांवरच संपते. नवे पॅनेल बसेल तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी पुरवठादाराला समोर बसवावे आणि विचारावे : प्रोग्राम अडकला आहे असे समजा, आता हे बटण दाबले तर कोणती तार तुटते, ते आराखड्यावर बोट ठेवून दाखवा.