नवी पिल्ले आणि जुने खुराडे

आठवड्याच्या बाजारातून टोपलीभर गिरिराज पिल्ले आणायची आणि संध्याकाळी ती थेट जुन्या खुराड्यात सोडायची, ही आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. "कोंबड्याच त्या, आपसात बघून घेतील," असे वर म्हटले जाते. ही पद्धत आता सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी हे निभावत असे, कारण पिल्ले घरच्याच खुडूक कोंबडीची असत. त्यांच्या अंगावर कोणी आले तर आईच टोचून पळवी. कुत्रेसुद्धा तिला बिचकून असे. यंत्रात उबवलेल्या विकतच्या पिल्लाला आई नसते. घरात खुडूक असेल तर एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सारून पाहावीत. पुष्कळदा ती आपली मानते. सकाळी टोचू लागली, तर मात्र लगेच काढून घ्यावीत.

मोठी पिल्ले आणली असतील, तर भीती मारामारीपेक्षा रोगाची अधिक. धडधाकट दिसणारे पिल्लूही मानमोडी, म्हणजे राणीखेत, घेऊन येऊ शकते, आणि ही मर लागली की घरच्या बाईचे अंड्यांचे पैसे, म्हणजे मुलांची वह्या-पुस्तके, आठवड्याभरात जातात. म्हणून नवी पिल्ले तीन-चार आठवडे खुराड्यापासून दूर ठेवावीत. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. बदकेही निराळी बरी. ती रोग बाळगूनही आजारी दिसत नाहीत, शिवाय पाणी सांडून ओल करतात आणि ओलीत रक्ती हगवण वाढते.

त्यानंतर आठवडाभर दोघांच्या मध्ये जाळी असावी, म्हणजे एकमेकांना दिसतील पण टोचता येणार नाही. पिल्ले अंगाने जुन्यांच्या जवळपास आली की रात्री, सगळी बसल्यावर, आत सोडावीत. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, नाहीतर दुबळे पिल्लू उपाशी राहते. थोडी टोचाटोची व्हायचीच. रक्त दिसले तर तो पक्षी तत्काळ बाजूला घ्यावा, कारण लाल दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात.

उंदीर मारते म्हणून आपण मांजरीचे कौतुक करतो. पण उंदीर आणि पिल्लू यांतला फरक तिला कोणी शिकवलेला नाही. कुत्रा ओळख होईपर्यंत बांधलेला असावा. मुलांना ससा आणि पिल्लू एका खोक्यात ठेवण्याची हौस असते, ती पुरवू नये. मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. निरोगी पिल्लाच्या विष्ठेतूनही लहानग्यांना ताप आणि जुलाब होतात.

राहिली लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून. अडचण अशी की, बाटली शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, बर्फातून आणावी लागते आणि कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी कोण आणणार? वाडीतल्या दहा-बारा घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात आणली, तर एक बाटली सर्वांना पुरते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसालाही एकच खेप पडते.