गोल झाला, पण थांबा...

शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर चौघंजण जमतात. चहा, मॅगी आणि प्रीमियर लीग. हल्ली एक विचित्र सवय लागलीये. गोल झाला की कोणी उडी मारत नाही. आधी बघायचं, रेफरीचा हात कानाला गेलाय का? नसेल गेला तर मग ओरडायचं. तोपर्यंत निम्मी मजा गेलेली असते. परवा रूममेट वैतागला, "बंद करा राव ते व्हीएआर! चुका झाल्या तर झाल्या, खेळ तरी चालू राहील."

त्याचा वैताग मला कळतो. म्हणणं मात्र पटत नाही.

कारण मला २७ जून २०१० आठवतो. वर्ल्डकप, जर्मनी विरुद्ध इंग्लंड. मी शाळेत होतो, बाबांबरोबर मॅच बघत होतो. लॅम्पार्डचा बॉल क्रॉसबारला आपटून खाली पडला, तो रेषेच्या चांगला आत. आमच्या जुन्या टीव्हीवरही स्वच्छ दिसलं. दिसलं नाही ते फक्त रेफरी आणि लाइन्समनला! २-२ व्हायचं ते २-१ च राहिलं, आणि शेवटी जर्मनी ४-१ ने जिंकली. बाबा म्हणाले, "अरे, त्या रेफरीला कोणीतरी टीव्ही दाखवा की!"

इंग्लंड तरीही हरलं असतं कदाचित. मुद्दा तो नाही. जे जगभर घरोघरी दिसतंय, ते निर्णय देणाऱ्यालाच बघायची बंदी, हे कसलं लॉजिक? १९८६ मधल्या मॅराडोनाच्या हाताच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण २००९ मध्ये थिएरी ऑन्रीने बॉल हाताने अडवून पास दिला, फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंडचा वर्ल्डकप हुकला. त्यांना जाऊन सांगा, चुका खेळाचाच भाग असतात म्हणून.

तर तंत्रज्ञान हवंच. प्रश्न एवढाच की कशासाठी आणि कसं.

२०१४ च्या वर्ल्डकपमध्ये गोललाइन टेक्नॉलॉजी आली. बॉल रेषेपलीकडे गेला की रेफरीच्या घड्याळावर लगेच सिग्नल. त्यावर फारसं कोणी भांडत नाही, कारण प्रश्नच हो किंवा नाही असा आहे. २०१८ मध्ये रशियाच्या वर्ल्डकपला व्हीएआर आलं आणि गोची झाली. हँडबॉल होता का, धक्का पेनल्टीइतका जोरात होता का, हे प्रश्न हो-नाहीचे नाहीत. तिथे कॅमेरा पुरावा देतो, निकाल नाही. म्हणूनच नियमात व्हीएआर सुरुवातीला फक्त गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड एवढ्यापुरतंच होतं. तेही चूक ढळढळीत असेल तरच.

आणि मग ३० सप्टेंबर २०२३. टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस डियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरने रेषा आखून तपासलं. ऑफसाइड नव्हता. पण व्हीएआरचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्याने कळवलं, तपासणी पूर्ण. रेफरीने अर्थ घेतला, ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू! चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता, कारण एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं.

कॅमेरा बरोबर, रेषा बरोबर, उत्तर बरोबर. निकाल चूक.

मला ते वाचून घाम फुटला होता, कारण हे मी स्वतः केलंय. रात्री दोनचा रिलीज. मी कॉलवर विचारलं, "झालं का?" समोरचा म्हणाला, "झालं." मी विचारत होतो प्रॉडक्शनचं, तो सांगत होता टेस्ट सर्व्हरचं. सकाळी क्लायंटचे फोन सुरू. तेव्हापासून आमच्याकडे नुसतं 'झालं' चालत नाही. कुठे झालं, आधी काय होतं, आता काय आहे, तिन्ही बोलायचं.

क्रिकेटला हे आधी कळलं. १९९२ मध्ये डर्बनला टीव्ही रिप्ले बघून रनआऊट दिलेला पहिला बॅट्समन आपला सचिन. आज थर्ड अंपायर काय बघतोय, काय म्हणतोय, सगळं आपल्याला ऐकू येतं. निर्णय विरुद्ध गेला तरी का गेला ते कळतं. अर्थात क्रिकेट दर बॉलनंतर थांबतं, फुटबॉल थांबत नाही. त्यामुळे जशीच्या तशी कॉपी नाही चालणार.

पण तीन गोष्टी करता येतील. एक, व्हीएआर आणि रेफरीचं बोलणं स्टेडियमला आणि आपल्याला तिथल्या तिथे ऐकवा. २०२३ च्या महिला वर्ल्डकपमध्ये रेफरी निर्णय माइकवर सांगत होत्या, काही बिघडलं नाही. दोन, जिथे मताचा प्रश्न आहे तिथे मिनिटभरात चूक दिसली नाही तर मैदानावरचा निर्णय कायम. इतका वेळ शोधावी लागते ती चूक ढळढळीत कसली? तीन, निव्वळ निरोपाचा घोटाळा झाला असेल तर खेळ थांबवून मागे जायची मुभा द्या.

२०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी व्हीएआर ठेवायचं की नाही यावर मतदान केलं. १९ विरुद्ध १, ठेवायचं. मीही त्या १९ मध्येच.

रूममेटचं एक मात्र खरं. गोल झाल्याक्षणी बेभान होण्यातली मजा कमी झालीये, आणि कुठलीही सिस्टिम ती पूर्ण परत देणार नाही. ती किंमत मी मोजायला तयार आहे. पण मग थांबवून ठेवलंय कशासाठी, एवढं तरी सांगा.

असो. येत्या शनिवारी मॅगी आणायची पाळी माझी आहे.