मॅग्नेशियमची आग पाण्याने का भडकते?

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवलेली अनेकांना आठवत असेल. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो आणि मागे मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी राख उरते. तो प्रयोग काही सेकंदांत संपतो. हीच आग गोदामात लागली, तर मात्र नेहमीचे उपाय उलटतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या मेवूड येथे १४ जून २०१६ रोजी पहाटे धातूंच्या भंगाराला आग लागली. त्यात मॅग्नेशियम होते. पाण्याचा मारा होताच स्फोट झाले आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. फ्रान्समधील ल मान्स येथे १९५५ मध्ये शर्यतीच्या मोटारीला झालेल्या भीषण अपघातातही हेच दिसले होते. त्या मोटारीचे बाह्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. पाण्याने आग अधिकच भडकली.

याचे कारण मॅग्नेशियमच्या ऑक्सिजनविषयीच्या ओढीत आहे. जळते मॅग्नेशियम पाण्यातूनही ऑक्सिजन खेचून घेते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन मोकळा होतो. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरले, तर त्यातलाही ऑक्सिजन ते घेते आणि काजळी उरते. नायट्रोजनशीही त्याची अभिक्रिया होते. ज्योतीचे तापमान सुमारे ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते.

हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण वाहने हलकी करण्याची स्पर्धा सुरू आहे. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलके असल्याने स्टीअरिंगच्या सांगाड्यापासून लॅपटॉपपर्यंत ते वापरले जाते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धातूचा सलग तुकडा सहजी पेटत नाही, कारण उष्णता त्यात चटकन पसरते. धोका आहे तो लेथवर निघणाऱ्या बारीक किसाचा आणि भुकटीचा.

उपाय महागडे नाहीत. कीस रोजच्या रोज उचलून कोरड्या, झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा. पूर्ण कोरडी वाळू आणि धातूंच्या आगीसाठीचे 'डी' वर्गाचे अग्निशामक हाताशी असावे. सर्वांत आवश्यक म्हणजे साठ्याची माहिती दारावरच्या फलकावर आणि अग्निशमन दलाकडे असावी. आत काय जळते आहे हे ठाऊक नसेल, तर मदतीला आलेला जवान पहिल्यांदा पाण्याचाच पाइप उघडणार.