लेकराची पहिली फटफटी

आंबिया बहराचा सौदा उरकला आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की घरोघरी खरेदीचे बेत सुरू होतात. कुणाला पंप हवा असतो, कुणाला छपरावर पत्रे. अलीकडे घरातल्या सर्वांत लहान माणसाचीही एक मागणी कानावर येऊ लागली आहे. सात-आठ वर्षांचे लेकरू म्हणते, "बाबा, मले फटफटी पाहिजे." आजोबा हसतात, आईच्या पोटात गोळा येतो आणि बाप मनातल्या मनात पैशाचा मेळ घालू लागतो.

हा हट्ट वावगा नाही. चाकांचे वेड लेकरांना आपणच लावतो. आपल्या नागपूरकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. ही चाल दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची असे सांगतात. चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत नेणे, हीच आपल्याकडच्या पोराची पहिली गाडी. नंदीनंतर सायकल येते आणि सायकलीनंतर फटफटी. प्रश्न एवढाच, की कोणती पायरी कोणत्या वयात चढायची.

लहान मुलांसाठी खरीखुरी फटफटी असते काय? असते. जपानमध्ये 1961 साली होंडा कंपनीने तामा टेक नावाच्या मनोरंजन बागेत मुलांना बसण्यासाठी छोट्या गाड्या केल्या होत्या. 1981 साली यामाहाने पीडब्ल्यू 50 ही खास मुलांची गाडी आणली. तिला गिअर नाहीत, आणि सायकलीसारखे दोन्ही ब्रेक हातातच आहेत. मूठ किती पिळली जावी हे ठरवणारा एक स्क्रू तिला आहे, तो बापाने आवळून ठेवायचा. आपल्याकडेही 2025 च्या अखेरीस हिरो कंपनीने विडा या नावाने लहान मुलांसाठी विजेवर चालणारी गाडी आणली. या गाड्या रस्त्यासाठी नाहीत. त्या बंदिस्त मैदानात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली चालवायच्या आहेत.

अशी गाडी घ्यायचीच असेल, तर निवड कशी करावी? पहिली कसोटी सायकलीची. बाजूच्या आधारचाकांशिवाय सायकल चालवता येत नाही, वळता येत नाही, ब्रेक दाबून ठरल्या रेषेवर थांबता येत नाही, तोवर इंजिनाची गोष्टच काढू नये. दुसरी कसोटी उंचीची. सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. "पुढच्या वर्षी उंच होईल, मोठीच घेऊन टाकू," हा हिशेब शाळेच्या सदऱ्याला चालतो, गाडीला चालत नाही. तिसरी कसोटी हाताची. मूठ न सोडता बोटे ब्रेकच्या दांडीवर पोहोचली पाहिजेत आणि ती दांडी पोराच्या जोराने दबली पाहिजे. चौथी कसोटी वजनाची. पेट्रोलवरची मुलांची लहानशी गाडीही चाळीस किलोच्या आसपास भरते, आणि आठ वर्षांचे पोर स्वतः पुष्कळदा तेवढ्या वजनाचे नसते. गाडी अंगावर पडली तर ती उचलणारे माणूस जवळ हवे. विजेची हलकी गाडी या बाबतीत बरी. तिचा धूर नाही आणि तापून पोटरी भाजणारा सायलेन्सरही नाही.

गाडीइतकीच जागाही पाहावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि लहान चाक त्या भेगेत अडकले की पोर डोक्यावर पडते. पावसाळ्यात तीच माती चाकाला चिकटून ब्रेक निकामी करते. संत्र्याच्या बागेतल्या खालच्या फांद्या नेमक्या लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. विहिरीला कठडा नसतो आणि धुऱ्याला काटेरी तार असते. म्हणून पीक निघालेले, सपाट, तारेपासून आणि विहिरीपासून दूर असलेले खळे निवडावे. पायात बूट, अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर लेकराच्याच मापाचे, आयएसआय छापाचे हेल्मेट असावे. बापाचे हेल्मेट पोराच्या डोक्यावर घागरीसारखे फिरते, त्याचा उपयोग नाही. हेल्मेट गाडीच्या आधी घरात यावे. बैल गेल्यावर झोपा करून काय मिळते?

इथवर झाली हौसेची गोष्ट. पण खरे सांगायचे, तर आपल्या गावांत मुलांची पहिली फटफटी दुकानातून येतच नाही. ती ओट्यासमोर उभी असलेली बापाचीच गाडी असते. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आपणच म्हणतो, "जा रे, वावरात डबा देऊन ये," "ताईला शाळेत सोडून ये." पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, की आमचा पोरगा आता गाडी चालवतो. जीव जातो तो इथे. त्या गाडीचे वजन शंभर किलोहून जास्त, वेग ऐंशीच्या पुढे आणि पोराचे पाय धड जमिनीला टेकत नाहीत. चढावर गाडी थांबली की तोल जातो, आणि मागून तूरीचा ट्रॅक्टर येत असतो.

कायदाही इथे स्पष्ट आहे. गिअरची फटफटी 18 वर्षे पुरी झाल्याशिवाय सार्वजनिक जागी चालवता येत नाही. 16 व्या वर्षी परवाना मिळतो, पण तो 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि त्याला पालकांची लेखी संमती लागते. 1972 साली कायनेटिकची लूना आली आणि पुढे ती गावोगाव पोहोचली, तेव्हा या नियमात बसणारी गाडी घरी असे. आजच्या बिनगिअरच्या पेट्रोल गाड्या बहुतेक 100 सीसीच्या आसपास किंवा वरच्या आहेत. त्या 16 वर्षांच्या मुलाला चालत नाहीत. पांदण रस्ताही यातून सुटत नाही. ज्या वाटेने लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती कायद्याने सार्वजनिक जागाच.

2019 साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला, त्या वेळी आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी हेच रस्ते वाहतूक मंत्री होते. त्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने परवान्याशिवाय गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते. त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. उद्या पोलीस भरतीत किंवा ड्रायव्हरच्या नोकरीत परवाना लागला, तर तो आणायचा कुठून? गाडीवर पाटी एमएच 31 ची असो की एमएच 40 ची, नियम सगळ्यांना एकच.

याहून मोठा घाव विम्याचा. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कुणी जखमी झाले किंवा दगावले, तर विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल केली जाऊ शकते. हा आकडा लाखांत जातो. एका डब्यापायी वावर विकायची पाळी येऊ शकते. समोरच्या घरातला गेलेला माणूस तर कशानेच परत येत नाही.

विजेच्या गाड्यांबद्दलही पुष्कळ विचारणा होते. मोटार 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असलेल्या मंद गाडीला परवाना आणि नोंदणी लागत नाही. मात्र दुकानदार हळूच म्हणाला, "एक तार काढली की चाळीसने पळते," तर तिथून उठावे. तार काढली की सवलतही गेली.

मग पोराने शाळेत जावे कसे? सायकल आहे. एसटीचा विद्यार्थी पास आहे, त्यात दोन तृतीयांश सवलत मिळते. शाळेत जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. गाडी वेळेवर येत नसेल, तर चार पालकांनी मिळून आगाराकडे अर्ज द्यावा. ते फटफटीपेक्षा स्वस्त पडते.

आपण शेतकरी गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी त्याला माणसाची सवय करतो. मग जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला देतो आणि हलके ओझे ओढायला लावतो. खांदा धरल्यावरच तो औताला जातो. घाई केली, तर जन्माचा बैल बिघडतो हे आपल्याला पक्के ठाऊक असते. गोऱ्ह्याच्या बाबतीत जो धीर आपण धरतो, तोच पोटच्या पोरासाठी धरावा. आज रात्री निजण्यापूर्वी फटफटीची किल्ली खुंटीवरून काढून पेटीत ठेवा, आणि पोराच्या सायकलीचे ब्रेक तेवढे तपासून घ्या.